एका बसच्या अंतरावरचे प्रतिस्पर्धी

कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्यात मंठाळ हे गाव आहे आणि त्याच्या एका अंगाला कलबुर्गी जिल्हा, तर दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राची सीमा इतकी जवळ आहे की, बारावीनंतर तिथल्या विद्यार्थ्याने कोणत्या दिशेची बस धरली यावर त्याचे विद्यापीठ ठरते. बसवकल्याण किंवा भालकीच्या महाविद्यालयात नाव घातले तर तो बीदर विद्यापीठाचा, आळंद वा कलबुर्गीला गेला तर गुलबर्गा विद्यापीठाचा, निलंगा, उदगीर किंवा लातूर गाठले तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा, उमरग्याला राहिला तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा आणि अक्कलकोट-सोलापूरकडे वळला तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा विद्यार्थी होतो. राज्य विद्यापीठ म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यान्वये स्थापन झालेले आणि ठरावीक जिल्ह्यांतील महाविद्यालयांना संलग्नता देणारे विद्यापीठ. त्यामुळे अशा विद्यापीठाचा कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ हा एका शहरातल्या मुलांचा संघ नसतो, तर एका किंवा अनेक जिल्ह्यांच्या तालुक्यातालुक्यांतून वेचून आणलेल्या खेळाडूंचा असतो. एवढी विद्यापीठे एवढ्या लहान टापूत एकमेकांना भिडलेली असताना त्यांच्या संघांमध्ये वर्षानुवर्षांची चुरस असायला हवी होती. ती काही जोड्यांमध्ये आहे, काहींमध्ये मुळीच नाही, आणि जिथे ती नाही तिथे तिचे कारण खेळाडूंच्या कुवतीत शोधूनही सापडत नाही, कारण ते नकाशावर ओढलेल्या एका प्रशासकीय रेषेत आहे.

भारतातील विद्यापीठांच्या आपसांतील स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ ही संस्था घेते. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ या नावाने तिची स्थापना झाली आणि पुढे तिला आजचे नाव मिळाले. देशभरातील शेकडो विद्यापीठांना एका मैदानावर उतरवणे शक्य नसल्याने सांघिक खेळांसाठी या संस्थेने देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग पाडले आहेत. प्रत्येक विभागाची स्पर्धा स्वतंत्रपणे भरते, तिच्यात आधी बाद फेरी आणि मग उरलेल्या चार संघांची साखळी खेळवली जाते आणि हे चार संघ अखिल भारतीय फेरीसाठी पात्र ठरतात. महाराष्ट्र हा गुजरात, राजस्थान, गोवा यांच्यासोबत पश्चिम विभागात येतो, तर कर्नाटक हा केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि तेलंगण यांच्यासोबत दक्षिण विभागात. म्हणजे निलंग्याच्या महाविद्यालयातील चढाईपटू आपल्या विद्यापीठाकडून खेळायला राजस्थानापर्यंत जाऊ शकतो आणि बसवकल्याणचा पकडपटू केरळपर्यंत, पण हे दोघे एकमेकांसमोर उभे राहायचे असतील तर दोघांच्याही संघांनी आपापल्या विभागात पहिल्या चारांत येऊन देशाच्या फेरीत पोहोचले पाहिजे आणि तिथेही गटवारीने साथ दिली पाहिजे. वैयक्तिक खेळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कुस्तीसारख्या खेळांत स्पर्धा थेट अखिल भारतीय पातळीवर होत असल्याने दोन्हीकडचे मल्ल एका आखाड्यात येऊ शकतात. मात्र विद्यापीठाविषयीची ईर्षा प्रामुख्याने सांघिक खेळांतून वाढते, आणि तिथेच ही रेषा आडवी येते.

ही रेषा जुनी नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), बीदर, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि रायचूर हे सगळे जिल्हे एकत्र होते आणि या संपूर्ण मुलखाचे विद्यापीठ एकच होते, ते म्हणजे १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले आणि उर्दूतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ. औरंगाबाद आणि गुलबर्गा या दोन्ही ठिकाणी त्याची इंटरमिजिएट महाविद्यालये होती. इंटरमिजिएट म्हणजे मॅट्रिकनंतरचा, आजच्या अकरावी-बारावीशी ढोबळपणे जुळणारा टप्पा. मराठी घरातला औरंगाबादचा मुलगा आणि कन्नड घरातला गुलबर्ग्याचा मुलगा पदवीसाठी हैदराबादेत एका वसतिगृहात राहत आणि विद्यापीठाकडून खेळायची पाळी आली तर एकाच संघात खेळत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत त्याचे तीन तुकडे झाले. त्या वेळी बीदर जिल्ह्याचीही वाटणी झाली: अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर बीदर, भालकी, हुमनाबाद आणि त्यांच्या आसपासचा प्रदेश म्हैसूर राज्यात. आज ज्या निलंगा-उदगीरच्या महाविद्यालयांतून नांदेड विद्यापीठाचे खेळाडू निवडले जातात, ती गावे १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्याचीच होती, हे या भागातील जुन्या जमीन-कागदांत आणि सोयरिकींत अजून स्पष्ट दिसते.

राज्ये वेगळी झाल्यावर विद्यापीठेही वेगळी होणे ओघानेच आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. सीमेच्या अलीकडील, म्हणजे म्हैसूर राज्यातील, महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली, त्या विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र १९७० मध्ये गुलबर्ग्यात उघडले आणि त्यातूनच १९८० साली गुलबर्गा विद्यापीठ उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठाला दीर्घ आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला दुसरे विद्यापीठ स्थापन झाले, ज्याच्याकडे आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आहेत. या नव्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले, ते स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, त्यांनी शिक्षकाचे काम केले ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते निवडून गेले ते गुलबर्गा मतदारसंघातून. म्हणजे नांदेडच्या खेळाडूंच्या छातीवर ज्यांचे नाव असते, ते कलबुर्गीकरांचे पहिले खासदार होते. दोन विद्यापीठांमधील नाते सांगायला याहून नेमका पुरावा शोधावा लागणार नाही, आणि तरीही या दोन विद्यापीठांचे संघ नेमाने समोरासमोर येत नाहीत, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

त्याउलट छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड यांचे पाहावे. १९९४ पर्यंत जी महाविद्यालये एकाच विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांशी खेळत होती, ती एका रात्रीत दोन विद्यापीठांची झाली. ज्या क्रीडा संचालकांनी कालपर्यंत एकाच निवड समितीत शेजारी बसून नावे ठरवली होती, ते आता समोरासमोरच्या बाकांवर आले. दोन्ही विद्यापीठे पश्चिम विभागातच असल्याने त्यांची गाठ पडण्याचा मार्ग खुला राहिला. शिवाय महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी ‘अश्वमेध’ या नावाने जो राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव भरतो, ज्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी खेळ मुख्य मानले जातात, तिथेही ती दोन्ही उतरतात. खो-खोमध्ये या चुरशीला विशेष धार आहे, कारण धाराशिव जिल्हा हा मुलींच्या खो-खोचा बालेकिल्ला आहे आणि वाटणीत तो संभाजीनगरकडे राहिला. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी सारिका काळे ही याच जिल्ह्याची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला, त्या महिला संघातही मराठवाड्याच्या मातीतून आलेल्या मुली होत्या. धाराशिव जिल्हा मंठाळपासून एका बसच्या अंतरावर आहे, पण बसवकल्याणच्या महाविद्यालयीन मुलींना त्याच्याशी खेळून शिकण्याची अधिकृत संधी विद्यापीठीय रचनेत कुठेच नाही.

सीमेच्या अलीकडेही वाटणीची तीच प्रक्रिया चालू आहे. गुलबर्गा विद्यापीठ एके काळी बीदरपासून बळ्ळारीपर्यंत पसरलेले होते. २०१० मध्ये बळ्ळारीला आणि २०२१ मध्ये रायचूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०२३ साली बीदर विद्यापीठ सुरू झाले, ज्याचे मुख्यालय भालकी तालुक्यातील हालहळ्ळी येथे, म्हणजे गुलबर्गा विद्यापीठाच्याच जुन्या पदव्युत्तर केंद्रात आहे. त्यामुळे मंठाळच्या ज्या मुलाचा मोठा भाऊ निवड चाचणीसाठी कलबुर्गीच्या ‘ज्ञानगंगा’ परिसरात जात असे, तो मुलगा आता बीदर विद्यापीठाच्या चाचणीला जातो, आणि भावाचे जुने विद्यापीठ त्याच्यासाठी प्रतिस्पर्धी झाले आहे. दोन्ही विद्यापीठे दक्षिण विभागात असल्याने त्यांची गाठ पडण्यात अडचण नाही. ही चुरस अगदी कोवळी आहे; नव्या विद्यापीठाकडे अजून जुन्या चषकांचे कपाट नाही, माजी खेळाडूंची फळी नाही, आणि कर्नाटकात नव्या लहान विद्यापीठांपैकी किती टिकवायची यावर २०२५ च्या सुरुवातीला जी चर्चा झाली, तीत बीदरचे विद्यापीठ राखण्याकडे कल होता ही समाधानाची बाब असली तरी पैशाची ओढाताण संपलेली नाही. तरीही नांदेडचा अनुभव पाहता, वेगळे झालेले घटक भेटत राहिले तर ईर्षा आपोआप वाढते, असे म्हणायला आधार आहे.

विद्यापीठाचा संघ कसा घडतो हे जवळून पाहिल्याशिवाय या ईर्षेचे मोल कळत नाही. पावसाळा ओसरू लागला की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होतात. महाविद्यालयाकडून खेळणारा मुलगा सतरा ते पंचवीस वर्षे वयोगटातला आणि नियमित विद्यार्थी असला पाहिजे, अशी अट असते आणि त्यासाठी दहावीची सनद, प्रवेशाची पावती आणि प्राचार्यांच्या सहीचा ओळखपत्राचा फॉर्म तपासला जातो. या स्पर्धेत नजरेत भरलेल्या मुलांना निवड चाचणीसाठी बोलावतात. कबड्डीच्या चाचणीत निवड समिती गुणफलकाकडे फारसे पाहत नाही, ती पायांकडे पाहते. मध्यरेषा ओलांडल्यावर चढाई करणारा निदान रेषा, म्हणजे जी ओलांडल्याशिवाय चढाई वैध ठरत नाही ती रेषा, किती सहजपणे पार करतो. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असताना बोनस रेषेच्या पलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवण्याचा तोल त्याच्यापाशी आहे का. आणि तीस सेकंदांच्या चढाईत ‘कबड्डी’चा उच्चार न तुटता तो कोपरारक्षकाला चकवू शकतो का, हे पाहून वहीत खुणा होतात. पकडीच्या बाजूने घोटा धरणारा कोपरारक्षक एकटा झेप घेतो की शेजाऱ्याची साथ येईपर्यंत थांबतो, यावरून त्याची समज कळते. समोरचा सगळा संघ बाद करून लोण चढवला की दोन जादा गुण मिळतात, आणि अटीतटीच्या सामन्याचा निकाल बहुधा एका लोणावरच फिरतो.

निवड झालेल्यांचे विद्यापीठाच्या मैदानावर शिबिर भरते आणि सीमाभागातल्या मुलांची खरी कसोटी इथे लागते, कारण बहुतेकांचा खेळ मातीत वाढलेला असतो. बीदर-हुमनाबादकडचे पठार जांभ्याचे, तांबड्या मातीचे, तर उदगीर-निलंग्याकडची जमीन काळी, पावसात चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. त्या काळ्या जमिनीवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान करावे लागते. विद्यापीठीय स्पर्धा मात्र मॅटवर होतात, आणि मॅटवर अनवाणी पायाची सवय मोडून बूट घालून वळण घेणे, घसरून पकड न करणे, पडताना गुडघा वाचवणे हे सगळे नव्याने शिकावे लागते. बहुतेक तालुक्यांच्या महाविद्यालयांकडे स्वतःची मॅट नसल्याने शिबिराचे ते थोडे दिवसच त्या मुलांचा मॅटवरचा सराव असतो. शिबिरातून जे संघात टिकतात त्यांना विद्यापीठाचे नाव असलेला पोशाख मिळतो आणि महाराष्ट्राच्या बाजूला अशा खेळाडूला ‘कलर होल्डर’ म्हणतात. कर्नाटकात ‘युनिव्हर्सिटी ब्लू’ हा शब्द ऐकू येतो, जो इंग्लंडमधील ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रथेतून आला आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठे खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण देतात आणि राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने संघातली निवड ही हौसेपुरती राहत नाही. मुलींच्या बाबतीत तर शिबिर आणि प्रवास यांना घरून मिळणारी परवानगी हीच पहिली फेरी असते, आणि ती जिंकून आलेल्या मुलीला दूरच्या विभागीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाद होऊन परतावे लागले, तर पुढच्या वर्षी ती परवानगी मिळणे अवघड जाते. जवळच्या गावी, ओळखीच्या प्रेक्षकांसमोर चार सामने खेळायला मिळणे हे तिच्यासाठी किती मोलाचे आहे, हे खेळाच्या धोरणात कुठेच लिहिलेले नाही.

दक्षिण विभागात बीदर आणि कलबुर्गीच्या संघांना ज्यांच्याशी खेळावे लागते त्यांत मंगळूर विद्यापीठासारखी बलाढ्य विद्यापीठे आहेत, ज्याच्या मागे मूडबिदरीच्या आळ्वास महाविद्यालयाची खेळाडू घडवणारी मोठी व्यवस्था उभी आहे. पश्चिम विभागात नांदेडच्या वाट्याला पुणे, मुंबई आणि कोल्हापूरची विद्यापीठे येतात. दोन्हीकडच्या सीमावर्ती संघांची गत सारखीच आहे: ते आपापल्या विभागाच्या टोकाला आहेत, सामने बहुधा दूर होतात, प्रवासात शरीर आंबते आणि समोरच्या संघाची काहीच माहिती नसते. प्रतिस्पर्धी ओळखीचा असण्याचा फायदा असा की, गेल्या वर्षी त्याच्या उजव्या कोपऱ्याने आपली घोट्यातली पकड कशी केली हे लक्षात राहते आणि वर्षभर त्यावर उपाय शोधला जातो. अनोळखी संघाकडून हरलेला संघ हार विसरतो, शेजाऱ्याकडून हरलेला विसरत नाही, आणि खेळ सुधारतो तो न विसरण्याने.

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात सीमावाद आहेच; असा वाद आणि मैदान यांचे नाते समजून घ्यायला अमेरिकेतील एक उदाहरण उपयोगी आहे. मिशिगन आणि ओहायो या शेजारी प्रदेशांमध्ये १८३५-३६ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून इतका तीव्र सीमावाद झाला की दोन्हीकडचे स्वयंसेवक सैनिक समोरासमोर आले. अखेर टोलेडो ओहायोला आणि मोबदल्यात उत्तरेकडचा मोठा द्वीपकल्प मिशिगनला देऊन तो मिटवण्यात आला. पुढे मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो राज्य विद्यापीठ यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना १८९७ मध्ये झाला, १९१८ पासून तो जवळपास दरवर्षी होऊ लागला आणि १९३५ पासून हंगामाचा शेवटचा सामना म्हणून ठरून गेला. आज दोन्ही विद्यापीठांची मैदाने एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावतील अशी आहेत, त्यांपैकी यजमानाचे मैदान त्या दिवशी भरते आणि मिशिगनला हरवणाऱ्या ओहायोच्या प्रत्येक खेळाडूला १९३४ पासून सोन्याच्या इवल्याशा विजारीच्या आकाराचे पदक देण्याची प्रथा आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, सीमावाद मिटून साठ वर्षे उलटल्यावर ही चुरस सुरू झाली आणि ती वाढली ती दरवर्षीच्या ठरलेल्या भेटीने. जुन्या वैराने तिला गोष्टी पुरवल्या, पण तिला जगवले ते वेळापत्रकाने.

भारतातही याचे दाखले आहेत. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने जिंकला. त्यानंतर मुंबई विद्यापीठाने त्यावर आपली पकड बसवली आणि फाळणीपूर्वीच्या दशकात लाहोर आणि मुंबई ही विद्यापीठीय क्रिकेटची दोन नावे झाली. याच परंपरेतून पुढे अजित वाडेकर आणि सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळून वर आले. सर्व खेळांतील एकत्रित कामगिरीसाठी १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो आणि त्याचा इतिहास बराचसा पंजाबातील तीन शेजारी विद्यापीठांचा इतिहास आहे: अमृतसरचे गुरु नानक देव, पतियाळाचे पंजाबी आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ. त्यांपैकी गुरु नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. एकाच विभागातील, एकाच भाषेतील, एकमेकांचे खेळाडू ओढून घेणारी ही तीन विद्यापीठे परस्परांच्या धाकाने मोठी झाली. अलीकडे हे चित्र बदलत आहे. खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन एका संकुलात गोळा करणारी खासगी विद्यापीठे पुढे सरकली आहेत. २०२२ च्या बेंगळुरूतील खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत जैन विद्यापीठ आणि २०२४ च्या गुवाहाटीतील स्पर्धेत चंदीगड विद्यापीठ हे खासगी विद्यापीठ अव्वल ठरले, आणि २०२४ चा आझाद करंडकही याच चंदीगड विद्यापीठाने नेला. अशा विद्यापीठांशी पैशाच्या बळावर स्पर्धा करणे बीदर, कलबुर्गी वा नांदेडला जमणारे नाही. त्यांच्यापाशी भांडवल आहे ते तालुक्यातालुक्यांत पसरलेल्या महाविद्यालयांचे आणि एकमेकांना पुरेपूर ओळखणाऱ्या मुलखाचे, आणि नेमके तेच आज वापरले जात नाही.

या मुलखात खेळाने सीमा कधी मानलीच नाही, हे विद्यापीठांच्या बाहेर पाहिले की लगेच दिसते. जत्रेच्या कुस्तीच्या फडात सोलापूर-लातूरचे मल्ल बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत येतात, इकडचे पैलवान तिकडे जातात. बक्षिसाच्या खुल्या कबड्डी स्पर्धांमध्ये दोन्ही राज्यांतील गावांचे संघ नावे नोंदवतात, समालोचक मराठीतून सुरुवात करून कन्नडात शिरतो आणि पंचांशी हुज्जत दखनी उर्दूत घातली जाते. गावच्या स्पर्धेत एकमेकांचे खांदे धरून साखळीने पकड करणारी दोन मुले महाविद्यालयात गेल्यावर एक पश्चिम विभागाचा आणि दुसरा दक्षिण विभागाचा होतो आणि त्यानंतर त्यांची अधिकृत गाठ पडत नाही. त्यांच्या घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा मराठी आणि बाजारात दखनी अशी तीन भाषांची सवय असते; नांदेडच्या शिबिरात मराठीत आणि कलबुर्गीच्या शिबिरात कन्नडात दिलेली सूचना त्यांना सारखीच कळते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे आणि तो सुटेल तेव्हा सुटेल. मैदानावरची भेट त्याच्या निकालावर अवलंबून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

भारतीय विश्वविद्यालय संघाने आपले विभाग बदलावेत अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही, कारण राज्यांच्या हद्दी हाच त्यांचा सोयीचा पाया आहे आणि तो हलवला तर दुसरीकडे दुसरे शेजारी तुटतील. पण विभागीय स्पर्धा सुरू होण्याआधी निमंत्रितांची स्पर्धा भरवणे विद्यापीठांना शक्य आहे. कबड्डी आणि खो-खो या दोनच खेळांनी सुरुवात करता येईल: बीदर, गुलबर्गा, नांदेड, संभाजीनगर आणि सोलापूर ही पाच विद्यापीठे, मुले आणि मुली असे वीस संघ आणि यजमानपद दरवर्षी एकेका बाजूला. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, दोन टोकांना दोन खांब रोवले आणि मधली पाटी आखली की ते तयार होते. कबड्डीची मॅट ज्या विद्यापीठाकडे असेल त्याने ट्रॅक्टरवर घालून आणावी. दोन्हीकडच्या विद्यापीठांची शिबिरे साधारण त्याच दिवसांत चालू असतात, संघ निवडलेले असतात, प्रशिक्षक उपलब्ध असतात आणि सरावासाठी ताकदीचा प्रतिस्पर्धी मिळत नाही ही दोन्हीकडची एकच तक्रार असते. बसवकल्याण, भालकी, निलंगा, उदगीर किंवा उमरगा यांपैकी कुठेही सामने ठेवले तरी बहुतेक संघांना सकाळी निघून दुपारच्या सत्राला मैदानात उतरता येते. त्यासाठी हवेत ते पाच कुलगुरूंचे एकमेकांना पत्र, क्रीडा विभागांची एक बैठक आणि पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात शिबिरानंतरचे तीन दिवस मोकळे.